सरोजिनीबाईंचा सरळ फोटो

वस्तू जितकी कमी कामं करते तितका तिचा मान वाढतो, हे जगरहाटीचं एक गंभीर तत्त्व आहे. रोज भाजी चिरणारी विळी ओट्याखाली पडून असते आणि कधीच न उपसायची तलवार दिवाणखान्यात टांगलेली असते. अनीशचा नवा कॅमेरा म्हणजे या तत्त्वाचं शेवटचं टोक होतं.

कॅमेरा दिसायला साबणाच्या डबीएवढा. आतला सेन्सर मात्र फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या रोलवरच्या एका सबंध फोटोएवढा. लेन्स अठ्ठावीस मिलिमीटरची आणि कायमची बसवलेली. ती निघत नाही, बदलत नाही, झूम होत नाही. (झूम होणारे कॅमेरे लोक बारशाला वापरतात.) फ्लॅश नाही. आणि कहर म्हणजे त्यात रंगही नाहीत, फक्त काळं-पांढरं. कंपनीने झूम काढलं तेव्हा किंमत वाढवली, फ्लॅश काढला तेव्हा आणखी वाढवली आणि रंग काढल्यावर तर गिऱ्हाइकांना नंबर लावायला लागले. अनीशनेही नंबर लावला होता.

अनीश सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे आणि अहिल्यानगरात राहतो. कॅमेरा आल्यापासून तो माणसांकडे अठ्ठावीस मिलिमीटरमधूनच बघू लागला. झूम नसेल तर जवळ जायचं कसं? पायांनी. या संप्रदायात त्याला साधना म्हणतात. काष्टीच्या बाजारात साधना करता करता तो चार पावलं मागे गेला आणि एका बाईच्या मिरच्यांच्या ढिगावर बसला. बाई जे बोलली त्याची नोंद नाही, कारण कॅमेऱ्यात आवाजाचीही सोय नव्हती.

त्याची आई सरोजिनीबाई श्रीरामपुरात एकटी राहते. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. यंदा तिला पंचाहत्तरावं लागलं आणि जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. नवरा गेल्यापासून तिने फिकट साड्यांशिवाय काही नेसलं नव्हतं. सत्काराच्या निमित्ताने ती स्वतः दुकानात गेली आणि गुलाबी काठाची मोरपंखी साडी घेऊन आली. नवी कवळीही बसली होती. तिला मनापासून एकच गोष्ट हवी होती.

"अनीश, माझा एक फोटो काढ. सरळ, समोरून. साडी दिसू दे आणि दातही दिसू देत."

मागणी साधी होती आणि तिथेच ती बाद झाली. अनीशने तोवर आईचे ढिगाने फोटो काढले होते. शंभरातले साठ पाठमोरे, तीस हातांचे, नऊ भिंतीवरच्या सावलीचे. उरलेल्या एकात चेहरा होता, पण त्यावर खिडकीचे गज आले होते आणि त्याच फोटोला फोटोग्राफीच्या ग्रुपवर सर्वाधिक दाद मिळाली होती.

तरी आई नटून व्हरांड्यात बसली. पावडर लावली, पदर नीट केला आणि लेन्सकडे बघून हसली. अनीश पायांनी जवळ आला. इतका जवळ, की तिने मान मागे घेतली. (अठ्ठावीस मिलिमीटरला जवळून माणसाचं नाक पुढे येतं. याला प्रामाणिकपणा म्हणतात.)

"आई, हसू नकोस. आणि माझ्याकडे बघू नकोस."

"मग कुणाकडे बघू?"

"कुठेच नको."

तिला वाईट वाटलं. ओठ मिटून ती मांडीवरच्या पदराकडे बघत बसली आणि अनीशने नेमका तो क्षण टिपला. कॅमेरा आल्यापासून तो ज्याच्या शोधात होता ते दुःख त्याला आईच्या चेहऱ्यावर सापडलं होतं. आत्ताच ते त्यानेच तिथे ठेवलं होतं, ही तांत्रिक बाब त्याच्या ध्यानात आली नाही.

सत्कार समितीचे अध्यक्ष काकासाहेब. बाईंच्या हातचा मार खाल्लेला विद्यार्थी आणि आता मोठा बागायतदार. त्यांनी मोबाईलवर फोटो बघितला, मोबाईल लांब धरून परत बघितला.

"अनीशभाऊ, रंगीत न्हाई का एखादा?"

"रंगाने लक्ष विचलित होतं."

"व्हय, पर बाईंनी साडी..."

"काकासाहेब, हा फुल-फ्रेम आहे."

फुल-फ्रेमपुढे कोण बोलणार? फोटो फ्लेक्सच्या दुकानात गेला. आता श्रीरामपुरात माणूस फ्लेक्सवर दोनच कारणांनी चढतो: वाढदिवसाला गॉगल लावून रंगीत, आणि गेल्यावर काळा-पांढरा. दुकानदाराने फोटो पाहिला आणि हळहळून रिकाम्या जागेत सवयीने दोन समया टाकल्या. "अमृतमहोत्सवानिमित्त हार्दिक शुभेच्छा" ही ओळही होती, पण ती शुभेच्छुक नेत्यांच्या बावीस फोटोंच्या खाली होती आणि तिथपर्यंत वाचत जाण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

शनिवारी दुपारी फ्लेक्स चौकात लागला. तासाभरात दार वाजलं. सरोजिनीबाईंनी उघडलं तर समोर भीमाबाई, शाळेतली जुनी शिपाई. डोळ्यांना पदर आणि हातात पिठलं-भाकरीचा डबा, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही.

"बाई... तुमी हाय?"

"आहे. पाय पुसून आत ये."

"चौकात तुमचा फोटू लागलाय वं. काळा. म्होरं दिवं बी लावल्यात."

सरोजिनीबाईंनी तिच्या हातातला डबा घेतला. मग म्हणाल्या, "फोटोत मी गेल्यासारखी दिसते?"

भीमाबाई खोटं बोलणारी नव्हती. "आत्ताच गेल्यावानी न्हाई, बाई. लई वर्सं झाल्यावानी."

"आणलंच आहेस तर बस. दोघी जेवू."

संध्याकाळपर्यंत पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं येऊन, चहा पिऊन, ओशाळून गेली. काकासाहेबांचा फोन आला: "बाई, खाली 'हयात' म्हनून पट्टी चिकटवू का?" तिकडे अनीशने तोच फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली "काय खोली आहे!", "भावपूर्ण श्रद्धांजली", "फोटो बोलतो" असे अभिप्राय आले. अनीशने सगळ्यांना सारखंच "धन्यवाद" लिहिलं. एकाने लेन्स विचारली, त्याला मात्र त्याने सविस्तर उत्तर दिलं.

रविवारी सकाळी अनीश सत्कारासाठी श्रीरामपुरात उतरला तेव्हा चौकात गर्दी होती. सरोजिनीबाई ती नवी साडी नेसून, फ्लेक्सच्या बरोबर खाली, खुर्ची टाकून बसल्या होत्या. मागे काळी-पांढरी आई खाली बघत होती आणि पुढे रंगीत आई सगळे दात दाखवून हसत होती. जुने विद्यार्थी मोबाईल उंचावून धडाधड फोटो काढत होते. भीमाबाई शेजारी उभी राहून ओरडत होती, "हाय हाय, बाई हाय!"

अनीशला एकदम जाणवलं, की असं दृश्य जन्मात परत मिळणार नाही. त्याने कॅमेरा काढला. अठ्ठावीस मिलिमीटर, अर्थात पायांनी जवळ जायला हवं. गर्दीतून वाट काढत तो पुढे झाला, आणखी पुढे झाला आणि आईच्या थेट समोर जाऊन उभा राहिला.

सरोजिनीबाईंचं हसू न हलता आवाज आला, शाळेतला.

"अनीश, मध्ये येतो आहेस. बाजूला हो."

तो बाजूला झाला. फोटो काकासाहेबांनी काढला. किंचित हललेला आहे, कोपऱ्यात त्यांचं बोटही आलंय. सरोजिनीबाईंनी तोच फ्रेम करून बैठकीत लावला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवताना त्यांना फार आनंद होतो.

असो. या गोष्टीत लेन्स किती मिलिमीटरची ते सांगितलं होतं आणि त्या बाईच्या साडीचा रंगही सांगितला होता. वर न बघता यातलं काय आठवतंय ते तपासा. साडी आठवत नसेल तर तुम्हीही त्या कॅमेऱ्यासाठी नंबर लावायला हरकत नाही. तुमची पात्रता पूर्ण झालेली आहे.