मनोऱ्याच्या दुसऱ्या खिडकीची हकीकत

श्री. आंधळ्या वाटेवर बोट धरणारी जी आदिमाया, तिचे चरणीं मस्तक ठेवून वर्तमान लिहिलें ऐसें जें. शके सोळाशें ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरीं, एके राज्याचे राजधानीवर बारमास धुकें असे, इतकें कीं आपले दारचें झाड आपणांस दिसूं नये, आणि मधोमध उंच मनोरा असे, आणि त्याजवर निंबाजी वार्तेकरी बसोन धुक्यापल्याड जें दिसेल तें ओरडोन खालीं सांगत असे. खोटें एक अक्षर बोलत नसे. मग त्या सालीं महाराजांनीं आज्ञा केली कीं, डोंगरावरील तळ्याचें पाणी दर सोमवारीं पाटानें खालचे गांवीं सोडावें. तेव्हांपासोन निंबाजी नित्य ओरडे, "तळें आज चार बोटें उतरलें हो! पायरी उघडी पडली! कमळें चिखलांत लोळतात!" आणि तें ऐकोन लोकांचे स्वप्नांतही तळें आटूं लागलें.

त्यांत येसाई म्हणोन एक विधवा होती. तिची एकुलती लेक गोजरा खालचेच गांवीं दिधली होती. परंतु तिकडील वार्ता मनोऱ्यावरून कधीं आली नाहीं, तेव्हां सर्व कुशल असेल, विहिरी भरल्या असतील, ऐसें बापडीनें धरिलें. धुक्यांत वर केलेला हात दिसत नाहीं, सबब तेथें कौल टाळीनें घेत. मग कौल जाहला, आणि पाणी बंद करावें म्हणोन येसाईनें तळहात लाल होईतों टाळ्या पिटल्या. महाराजांनीं टाळ्या ऐकिल्या आणि पाट बंद करविला.

मग महिना लोटतां ती लेकीस भेटावयास पाटाचे कडेनें चाचपडत निघाली आणि धुकें सरोन उन्हांत आली, तों पानमळा वाळलेला आणि गोजरा बोचकीं बांधीत बसलेली. म्हणाली, "आई, उद्यां गांव उठतंय गं. कुठल्या मुलखांत जाणार, ठाऊक नाही. कुण्या मेल्यांनी टाळ्या पिटून पाणी तोडलं म्हणे." येसाईनें हात पदराखालीं लपविले.

मग तैसीच परतली आणि घरचें मुसळ घेऊन मनोरा चढली. "निंबाजी, खालच्या गांवचं कां नाही रे सांगितलंस?"

"येसाई, खिडकी तळ्याकडं. दिसतं तें सांगतों. माझं काय चुकलं?"

तिनें खालचे गांवाकडील मागील भिंतीवर मुसळ घातलें आणि तोंडाएवढें भगदाड पाडिलें. निंबाजीनें त्यांतून वाळला पानमळा पाहिला आणि तो बाजूस सरला. खालीं धुक्यांत लोक हांक ऐकावयास ताटकळले, मग येसाईच ओरडली, "अरे, माझी गोजरा गांव सोडून चालली रे! टाळी मीच वाजवली!" तों धुक्यांत कोठें एक टाळी वाजली, आणि मग दुसरी.

महाराजांनीं त्या टाळ्या ऐकोन पाट पुन्हां उघडविला, परंतु पाणी पोंचलें तों निमें गांव गेलें होतें. गोजरा होती.

सारांश, निंबाजी खरेंच बोलिला, आणि तेवढ्या खऱ्यावर निमें गांव उठलें. दुसरी खिडकी अद्याप आहे. येसाई पुढें कौलास जाई, परंतु हात पदरांतच ठेवून आधीं मनोऱ्यावरील निंबाजीस पुसे, "खाली काय दिसतं रे?"