चाळीस मिनिटांत आटोपलेलं व्याख्यान

प्रशिक्षण शाखेचं परिपत्रक आलं तेव्हा संसदेचे मुख्य प्रतिवेदक सकाळच्या बैठकीचा वृत्तांत तपासत होते. कर्मचाऱ्यांसाठी सहा व्याख्यानं ठेवली होती. पहिलं 'ऐकणं आणि ऐकू येणं' या विषयावर, दीड तासाचं. वक्त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. सभाध्यक्ष म्हणून खुद्द मुख्य प्रतिवेदकांचंच नाव छापलं होतं.

त्यांनी फोन उचलला.

"मॅडम, एकोणतीस वर्षं मी सभागृहात बसून माणसं बोलतात ते ऐकतोय आणि लिहून काढतोय. आता मला ऐकायला शिकवणार का?"

"तुम्हाला नाही हो साहेब, बाकीच्यांना," प्रशिक्षण अधिकारी म्हणाली. "तुम्ही नुसते समोर बसा. तुम्ही दिसलात की लोक येतील."

या व्याख्यानांची फाइल तिने सात महिने या खोलीतून त्या खोलीत फिरवली होती. त्या फाइलवर 'आवश्यकता वाटत नाही' असा शेरा दोनदा पडला होता आणि दोन्हीदा अक्षर मुख्य प्रतिवेदकांचं होतं. फोनवर तिने त्या शेऱ्यांचा विषय काढला नाही. त्यामुळेच त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मात्र त्यांनी एक अट घातली. त्यांच्या हाताखाली बारा शिकाऊ प्रतिवेदक होते. त्यांनी हे व्याख्यान शब्दशः उतरवायचं, तीच त्यांची परीक्षा. त्या गुणांवर त्यांची नोकरी कायम व्हायची होती.

"जे ऐकू येईल ते लिहायचं," त्यांनी आदल्या दिवशी बाराही जणांना समोर बसवून सांगितलं. "आपलं डोकं चालवायचं नाही. कुणी खोकलं तर खोकला, कुणी हसलं तर हशा. समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याची अब्रू सांभाळणं आपलं काम नाही."

ते नुसतं बोलत नसत. रागाच्या भरात काहीतरी बोलून बसलेले सदस्य संध्याकाळी त्यांच्या खोलीत यायचे, आवाज खाली आणून म्हणायचे, 'तेवढं एक वाक्य गाळा ना.' मुख्य प्रतिवेदक त्यांना पाणी द्यायचे आणि वाक्य ठेवायचे.

व्याख्यान जेवणानंतर अडीचला सुरू झालं. खोली लहान, खुर्च्या गाद्यांच्या, पडदे ओढलेले, कारण डॉक्टरीणबाईंना भिंतीवर चित्रं दाखवायची होती. मुख्य प्रतिवेदक त्यांच्या शेजारी बसले. पुढ्यात माइक. त्यांनी तीन मिनिटांत ओळख करून दिली आणि खाली बसले. डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता. कानातली तीन हाडं, एकाला एक लागून, कशी हलतात ते त्या सांगत होत्या. पहिलं हाड मुख्य प्रतिवेदकांना स्पष्ट आठवत होतं. दुसरं अंधुक.

त्यानंतर त्यांना आठवत होत्या त्या टाळ्या. टाळ्या पडताहेत म्हणजे व्याख्यान संपलं, हे इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना डोळे उघडण्याआधीच कळलं. ते उभे राहिले, कोट सारखा केला आणि माइकमध्ये म्हणाले, "डॉक्टर मॅडमनी आज आपल्याला फार मोलाचं सांगितलं. मी तर एकेक शब्द कान देऊन ऐकला. त्यांचे मनापासून आभार मानतो आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातले कागद पाहिले आणि ते पिशवीत भरले. प्रशिक्षण अधिकारी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दगदग झाली असणार बिचारीला, असं मुख्य प्रतिवेदकांना वाटलं.

संध्याकाळी व्हरांड्यात सचिवसाहेब भेटले.

"कसं झालं व्याख्यान?"

"ठीक झालं," मुख्य प्रतिवेदक म्हणाले. "पण चाळीस मिनिटांत आटोपलं. दीड तासाचं त्यात काही नव्हतंच."

सचिवसाहेब मोजकं बोलत आणि लगेच लिहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांच्या आदेशाची प्रत मुख्य प्रतिवेदकांच्या टेबलावर माहितीसाठी आली. दीड तासाचं व्याख्यान चाळीस मिनिटांत का संपलं याचा प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी आजच्या आज लेखी खुलासा करावा, आणि तोवर उरलेली पाच व्याख्यानं थांबवावीत. मुख्य प्रतिवेदकांना थोडं वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. आपण दोनदा लिहिलेला शेरा चुकीचा नव्हता तर.

अकरा वाजता शिकाऊंच्या बारा प्रती आल्या. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि पहिली प्रत उघडली. ओळख बरोबर होती. पहिलं हाड बरोबर. तिसऱ्या पानावर, दोन वाजून पन्नास मिनिटांच्या नोंदीपुढे, कंसात लिहिलं होतं : (सभाध्यक्ष घोरतात).

हे सभाध्यक्ष कोण, हा प्रश्न त्यांना क्षणभर खरोखरच पडला.

मग त्यांनी पुढे वाचलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं चालूच होतं, आणि दर दोनतीन वाक्यांनी कंस येत होता. (सभाध्यक्ष घोरतात.) (सभाध्यक्ष अधिक मोठ्याने घोरतात.) तीन वाजून नऊ मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "सभाध्यक्षांनी आयुष्यभर माणसं ऐकली आहेत. साहेब, आपला अनुभव काय सांगतो?" आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात :

"सभाध्यक्ष : पांघरूण ओढू नकोस गं. माझे पाय उघडे पडतात. (प्रचंड हशा. प्रशिक्षण अधिकारी टाळ्या वाजवतात. टाळ्या.)"

मुख्य प्रतिवेदकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दार बंद होतं तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग दुसरी प्रत उघडली. त्यातही पांघरूण होतं. तिसरीत होतं. चौथ्या प्रतीत 'पांघरूण'चा रू ऱ्हस्व होता. त्यांच्या हाताने आपोआप तो लाल पेन्सिलीने दीर्घ केला, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं होऊन त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पाचव्या प्रतीत 'गं' होतं, सहाव्यात 'गं' नव्हतं. सहाव्याचा एक गुण जात होता.

अकरा प्रती अशा वाचून झाल्या. आता टाळ्या कळल्या, ती पांढरी पडलेली बाई कळली. आपल्याला हळूच जागं करावं म्हणून तिने टाळ्या वाजवल्या आणि आपण उठून तिचं व्याख्यान अर्ध्यावर मोडलं. वर सचिवांना जाऊन ते लहान होतं म्हणून सांगितलं.

बारावी प्रत एका बाईंची होती. दोन मुलांची आई, उशिरा नोकरीला लागलेली, कामाला बरी. तिच्या प्रतीत घोरणं नव्हतं, पांघरूणही नव्हतं. दुसऱ्या हाडानंतर थोडी जागा कोरी सोडून एकदम आभारप्रदर्शन होतं. मुख्य प्रतिवेदकांनी ते पान पुन्हा एकदा पाहिलं. नुसतं घोरणं गाळलं असतं तर वृत्तांत खोटा झाला असता, म्हणून तिने अख्खा भागच सोडून दिला, स्वतःचे गुण घालवून. ही जाण कुणाला शिकवून येत नाही. इतक्या वर्षांत आपण सदस्यांचं एकही वाक्य सोडलं नाही, आणि हिने पहिल्याच परीक्षेत आपली अब्रू झाकली.

ते प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. ती खुलासा लिहीत बसली होती. कागदावर एकच ओळ होती : 'वक्त्यांना अचानक काम निघाल्यामुळे'.

"हे खोटं आहे," मुख्य प्रतिवेदक म्हणाले.

"मग काय लिहू, साहेब?" तिने विचारलं. तिचा आवाज चिडका नव्हता, त्याने त्यांना जास्तच लागलं. "तुमच्याबद्दल मी कसं लिहू? लोक काय म्हणतील मला?"

"तुम्ही काही लिहू नका," ते म्हणाले. "शिकाऊंनी लिहिलेलं आहे, तेच मी सचिवांकडे घेऊन जातो."

सचिवांच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा त्यांना त्या दिवशी फार लांब वाटला. एका सदस्याने त्यांना नमस्कार केला आणि हसला. तो एरवीही हसून नमस्कार करत असे, पण आज त्यांनी मान खाली घातली. आत जाऊन त्यांनी पहिली प्रत सचिवांपुढे ठेवली आणि उभेच राहिले.

सचिवसाहेबांना कागद मोठ्याने वाचायची सवय होती. त्यांनी तिसरं पान वाचायला घेतलं. कंससुद्धा वाचले. 'पांघरूण ओढू नकोस गं' हे वाक्य त्यांनी अंदाजपत्रकातली तरतूद वाचावी तसं सावकाश वाचलं, आणि वर न बघता विचारलं, "हे तुमचंच म्हणणं का?"

"हो साहेब. बाराजणांपैकी अकराजणांनी तसंच घेतलंय."

"आणि काल तुम्ही मला म्हणालात की आटोपलं."

"मला तसं वाटलं होतं. चूक माझी आहे, मॅडमची नाही. व्याख्यान मी मोडलं."

सचिवसाहेबांनी पेन उघडलं. मग त्यांनी आदेशावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं : सर्व सहा व्याख्यानं होतील, पहिलं पुन्हा पूर्ण होईल. "वक्त्यांना तुम्ही बोलवायचं," ते म्हणाले. "ही प्रत फाइलला लागेल. काही गाळायचं असेल तर आत्ताच सांगा."

मुख्य प्रतिवेदकांनी तोंड उघडलं. गेल्या एकोणतीस वर्षांत त्यांच्या खोलीत आवाज खाली आणून बसलेले सगळे सदस्य त्यांच्या डोळ्यांपुढे आले. "नाही," ते म्हणाले. "फक्त चौथ्या प्रतीत शुद्धलेखनाची चूक आहे, ती लावू नये."

खोलीत परत येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी माफी मागितली, एकदा नीट आणि एकदा अडखळत.

"झोप लागली त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर माझे पेशंटसुद्धा बाकावर झोपतात. पण तुम्ही एकेक शब्द ऐकला म्हणालात ना, ते लागलं. मी दवाखाना बंद ठेवून आले होते."

"मला तोंड दाखवायला जागा नाही, मॅडम."

"तोंड नको, नाक दाखवा. मी वीस मिनिटं जवळून ऐकलंय. तुमची डावी नाकपुडी बंद आहे. पुढच्या गुरुवारी व्याख्यानाला येते, त्याआधी दवाखान्यात येऊन जा."

गुण भरायचे राहिले होते. अकरा जणांचे त्यांनी भरले. सहाव्याचा एक गुण कापला. बारावी प्रत मात्र त्यांनी दोन दिवस बाजूला ठेवली. नियमाने ती नापास होत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईंना बोलावलं, दार लोटून घेतलं आणि बसायला सांगितलं.

"तुम्ही जे केलंत ते मला कळलं," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे पाहवत नव्हतं. "प्रतिवेदकाने असं करू नये. पण माणूस म्हणून मी तुमचा उपकार विसरणार नाही. परीक्षा पुन्हा गुरुवारी घेतो, तुमच्यापुरती. या वेळी माझ्यासाठी काही गाळू नका."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"साहेब, मी काही गाळलं नाही."

"मोठेपणा तुमचा. पण मधली बावीस मिनिटं कोरी आहेत."

"तेच सांगतेय," बाई खाली बघत म्हणाल्या. "त्या दिवशी दोन्ही मुलांच्या शाळेचं आवरून आले होते. खुर्ची मऊ होती, अंधार होता. मला झोप लागली. टाळ्यांनी जाग आली तेव्हा तुम्ही आभार मानत होतात, म्हणून तिथून लिहिलं. तुम्ही घोरलात ते मला आत्ता आत्ता कळलं, कँटीनमध्ये."

मुख्य प्रतिवेदकांनी बारावी प्रत पुढे ओढली, दुसऱ्या हाडाची ओळ शोधली आणि पहिल्या प्रतीतली वेळ तिच्याशी ताडून पाहिली.

"म्हणजे माझ्या आधी दोन मिनिटं," ते म्हणाले.

"असेल, साहेब."

चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना श्वास मोकळा वाटला. त्यांनी प्रतीवर 'पुन्हा बसावे' असा शेरा लिहिला आणि खाली सही केली.

"गुरुवारी माझ्या शेजारी बसा," ते म्हणाले. "मी पेंगायला लागलो तर कोपराने ढोसा. भीडभाड ठेवू नका."

"आणि मी पेंगले तर?"

मुख्य प्रतिवेदकांनी यावर मनापासून विचार केला.

"तर मी ढोसेन," ते म्हणाले. "आणि दोघंही पेंगलो, तर लिहून घ्यायला बाकीचे अकरा आहेतच."