अप्पांचं पुनर्वसन

अप्पांच्या मागं वीस पावलं अंतर ठेवून चालायचं असं शिवांजलीनं ठरवलं, त्यात वाईट काहीच नव्हतं. शेजारून चाललं की ते कुरकुरायचे, "पोलिसानं धरून नेल्यागत वाटायलंय." आणि एकटं सोडलं तर (तिच्या हिशेबानं) पहिल्या विजेच्या खांबापाशीच कोसळणार होते. म्हणून हा मधला मार्ग. बी.एस्सी. झालेली मुलगी, नीट विचार करून ठरवलं होतं. पण कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या माणसानं विचार करून काही ठरवू नये, हे तिला आठ दिवसांनी कळलं.

धाराशिवकडच्या वाशीच्या पेठेत पंचाक्षरी अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान. दीड महिन्यापूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या अटॅक आला. सोलापूरला नेऊन हृदयात स्प्रिंग बसवली. माणूस वाचला, पण घरी आला तो निम्माच. दुकानाला कुलूप. दिवसभर कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि छातीवर हात ठेवून आतलं यंत्र चालू आहे की बंद पडलं ते चाचपायचं. तोंड उघडलं की पहिला शब्द ठरलेला : माझ्यामागं. "माझ्यामागं बोअरची मोटार सुरू करताना आधी वायर हलवून बघायची." "माझ्यामागं गच्चीवरचे पत्रे भंगारात देऊ नका, लई चांगले हायत." हे ऐकलं की नीलम्मा, म्हणजे शिवांजलीची आई, पदर तोंडाला लावून आत जायची. आतून बराच वेळ नुसतीच नळाची धार ऐकू यायची.

धाराशिवला तपासणीला गेल्यावर फिजिओच्या मॅडम हसून म्हणाल्या, "काका, आता आपण तुमच्या हृदयाचं पुनर्वसन करायचं!"

तिथंच घात झाला. मॅडम पुण्याच्या. आमच्या भागात पुनर्वसन हा शब्द त्र्याण्णवच्या भूकंपातला आहे, हे त्यांना कोण सांगणार? परतताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत अप्पा म्हणाले, "पुनर्वसन म्हणजे जुनं गाव गेलं, शिवू. सरकार घरं बांधून देतं, न्हाय असं न्हाय. पण जुन्या जागी बाभळीच उगवत्यात."

मॅडमनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. वेग ओळखायची खूणही सोपी. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर फार जोरात चाललाय. गाणं म्हणता येतंय, तर फार हळू. अप्पा जन्मात कधी गायले नव्हते, तेव्हा तो प्रश्न मिटला. राहिली बोलण्याची परीक्षा. आणि परीक्षा म्हटलं की शिवांजली फार कडक.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. पुढं अप्पा, फाशीच्या तक्त्याकडं निघाल्यासारखे. मागं ही, एका हातात मोबाइल, दुसऱ्या मुठीत जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी. दर दोन मिनिटांनी अलार्म. अलार्म वाजला की आधी ती स्वतः दचकायची, मग ओरडायची.

"अप्पा, बोला!"

अप्पा गप्प. कशाला बोलायचं, असाच त्यांचा एकंदर सूर.

"अप्पा, बोला की हो!"

खांद्यावरून मागं न बघता अप्पा चालत राहायचे. मग तिचा धीर सुटायचा आणि आवाज चिरकायचा, "अप्पा, पाया पडते तुमच्या, एक शब्द तरी बोला!"

वाशीत विनाकारण कुणी चालत नाही. चालणारा माणूस दिसला की गाडी थांबवायची, ही रीत. दूधवाले थांबायचे, मास्तर थांबायचे. "बसा की अप्पा, सोडतो. कुठं निघालाव?"

"कुठंच न्हाय," अप्पा म्हणायचे. (हे वीस पावलं पुढं बोललेलं असल्यामुळे शिवांजलीला ऐकू जायचा नाही.) बापानं उदास तोंडानं "कुठंच न्हाय" म्हणावं आणि मागं पोरीनं डोळे पुसावेत (धूळ गेली होती), गावाला आणखी काय पाहिजे?

आठव्या दिवशी संध्याकाळी आडतवाले गुंडप्पा दारात उभे. त्यांच्यामागं मेडिकल दुकानाचे मालक शंभुलिंग, मयतीला आल्यासारखी मान खाली.

"शरणार्थ, अप्पा." गुंडप्पा हात जोडून बसले, घसा खाकरला. "लेकराकडनं चूक होती. पण पोर आठ दिस मागं मागं फिरायली, बोला बोला म्हणायली. बापानं इतकं दगड व्हावं का?"

नीलम्मानं हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. "कसली चूक, भावजी?"

"आता काय झाकायचं, वैनी? अप्पांना झटका कशापायी आला, ते बी गावाला कळलंय."

शंभुलिंगांनी मान वर केली. "आमचा पोरगा रुद्रेश तसा न्हाय, अप्पा. पण तुमची शिवांजली दिवसातनं दोनदा दुकानात येती. काउंटरला टेकून दहा-दहा मिनिटं उभी राहती. मला वाटलं, डोकं दुखत असंल पोरीचं."

शिवांजलीच्या पायाखालची फरशी सरकली. पण ती रुद्रेशमुळे नाही. तिचं सगळं लक्ष अप्पांच्या छातीकडं होतं. एवढा धक्का ती स्प्रिंग सोसणार का?

अप्पांचा चेहरा लाल झाला. खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी, हात छातीवर, आणि घशातून कुंई कुंई असा काहीतरी विचित्र आवाज.

"आई, एकशे आठला फोन लाव!" शिवांजलीनं झेप घेतली, अप्पांचा जबडा दाबून तोंड उघडलं आणि गोळी जिभेखाली कोंबली.

"थू! अगं... अगं हसायलोय मी!"

दीड महिन्यात तो आवाज या घरात झाला नव्हता. पोटच्या पोरीलाही तो ओळखू आला नाही. नीलम्मा तिथंच, पाहुण्यांसमोर, पदर न लावता रडायला लागली.

मग अप्पांनीच सगळं समजावून सांगितलं. गुंडप्पांना काही पटेना. "म्हंजे बोलणं हे औषध हाय म्हणता? मग आमच्या हिला शंभर वर्सं मरण न्हाय." शेवटी खात्रीसाठी रुद्रेशलाच बोलावलं. तो चपला हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"खरं सांग," शंभुलिंग गरजले. "ही येती का न्हाय?"

"येतात, पण गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघायला. काल नेलेलं पाकीट आज परत आणून विचारतात, रात्रीतून एक्स्पायर तर झालं नाही ना?" त्यानं चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "त्यांची स्कूटी दिसली की मी आत जाऊन स्टॉक मोजतो."

"म्हंजे पसंत न्हाय?" गुंडप्पांनी विचारलं.

"काका, भीती वाटते मला त्यांची."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिवांजलीचाही पडला. फक्त पडताना कुठंतरी खरचटला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कुणाशी तरी नाव जोडलं गेलं होतं, आणि ते अर्ध्या तासात एक्स्पायर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर कॉट रिकामी. ती किंचाळली. नीलम्मा शांतपणे म्हणाली, "एकटेच गेलेत. मागं येऊ नको म्हणलेत."

वीस मिनिटं झाली. तीस झाली. शिवांजली दाराच्या कडीला धरून उभी. चाळिसाव्या मिनिटाला तिनं मनातल्या मनात सोलापूरच्या मामांना कळवूनही टाकलं. पन्नासाव्या मिनिटाला कोपऱ्यावर अप्पा दिसले. घामेजलेले, संथ, कुणाशी तरी बोलत चाललेले.

"कुठं होतात? दुखलं का? कुठं टेकलात?"

"टेकायला वेळ कुठं? घरोघर जाऊन सांगत आलो. तुझ्या नावाला बट्टा नको."

"काय सांगितलं?" तिनं दाराची कडी सोडली.

"हाय ते. म्हणलं, आमच्या शिवूचं कुणासंगं कायबी न्हाय. त्या पोरानं चारचौघात सांगितलंय, तिच्याकडं बघून भ्याच वाटतं म्हणून."

शिवांजलीनं उंबऱ्यावरच बसकण मारली. अप्पा तिच्या शेजारी बसून बुटाची नाडी सोडू लागले.

"आज खालची पेठ झाली. वरची आळी उद्या घेतो. आणि परवा," त्यांनी एक दमदार श्वास घेतला, "स्टँडपतूर जातो. कळंबच्या गाडीत बसणाऱ्यास्नी बी कळू दे."