बिनधुराची पेटी

बबनराव कार्यक्रमाला आले की पेटी खाली ठेवायच्या आधी मांडवाच्या मागे जातात आणि वास घेतात. जनरेटर सापडला की कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असं बघतात, जणू त्यानेच यांची जमीन लाटलीय. मग पुढे येऊन यजमानाला विचारतात, "ह्याचा धूर कुनाच्या घरात जातो? बंद करा ते. आमी बिनमाईकचं वाजवू."

ऐन हळदीत नवरदेवाच्या बापाला हे ऐकवणारा माणूस आमच्या ग्रुपमध्ये आहे, काय करणार! दिघीतला आमचा ग्रुप म्हणजे तिघंच. गाणारी मी, ढोलकीवर संजय आणि पेटीवर बबनराव. बारसं, हळद, जयंती, बोलावतील तिथे जातो.

आता मी कंपनीत बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. मशीनवरून आलेला जॉब जितका चकचकीत, तितका मी आधी उलटा करून बघायची. बबनराव मला पहिल्यापासून जरा जास्तच चकचकीत वाटले. पाणी घरून, तांब्याच्या बाटलीत. फ्लेक्स नको म्हणून ग्रुपचं नाव जुन्या चादरीवर रंगवलेलं. सत्काराची शाल घेतील, पण तिची प्लास्टिकची पिशवी यजमानाच्या हातात परत. पेटीच्या भात्याला ठिगळ कशाचं, तर जुन्या सायकलच्या सीटचं! संजयची गाडी दारात उभी असताना हे पेटी मांडीवर घेऊन बसने येणार आणि वर आम्हालाच सुनावणार, "तीन मानसं, एक पेटी, आन एवढं डिझेल? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!"

बरं, चणचण म्हणावी तर तीही नाही. गावातलं जुनं घराणं, दोन मजली बंगला. मग हे सोंग कशासाठी? संजय म्हणायचा, "ताई, नगरसेवकाला उभे राहणार बघा." मला निराळाच संशय. वाजवताना हा माणूस सारखा माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. पेटीकडे नाही, लोकांकडे नाही. माझ्याकडे! साठी उलटल्यावर! पदर सारखा करून करून मी दमले.

शेवटी संजय वैतागला. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाला, "काका, रविवारी मी स्पीकर आणि माईक आणतोय. मागच्या लोकांना ऐकू जात नाही, उठून जातात ते. तुम्हाला जमणार नसेल तर मी कीबोर्डवाला बघून ठेवलाय." मीही मान डोलावली. बबनराव एरवी भांडले असते. त्या दिवशी गपचूप पेटीचं झाकण लावून निघून गेले.

ते गप्प बसणं मला खटकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी थेट त्यांच्या घरी गेले. खोटं कशाला बोलू, पुरावा गोळा करायलाच गेले होते. आणि गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा टीव्ही ऐकू आला. बातम्या, अख्ख्या आळीला फुकट. म्हटलं, सापडला चोर! आमच्या माईकला नावं ठेवतो आणि घरी ही तऱ्हा! चारदा बेल दाबली. दार नुसतं लोटलेलं होतं, शिरले आत.

टीव्ही बोंबलत होता. शेजारीच बबनराव पेटीच्या लाकडावर हनुवटी दाबून, डोळे मिटून एकच सूर पुन्हा पुन्हा धरत होते. मी तीन हाका मारल्या. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"तुमी कवा आला?"

मी टीव्ही बंद केला. "बबनराव, तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "प्रेस शॉपला, पत्र्याच्या दणदणाटात अठ्ठावीस वर्सं काढली. तिथंच गेलं समदं. कानाची मशीन हाय, पर स्पीकर लागला का तिच्यात नुसता कालवा व्हतो. बिनमाईकची पेटी हाडातनं कळती. तुमचं गानं मी तोंडावरनं धरतो."

"म्हणजे तो धूर, ते प्लास्टिक, सगळं खोटं?"

"पयल्यांदा व्हय. स्पीकर टाळाय कायतरी पायजेल व्हतं. मग लोकांना सांगता सांगता मलाच पटत गेलं. आता खरंच बघवत न्हाई." पेटीवरून हात फिरवत ते म्हणाले, "संजयला सांगू नका, ताई. पोरं वरच्या मजल्यावर हायत, पर मला एक गोष्ट चार येळा सांगाय लागती, कटाळत्यात. आता बोलतच न्हाईत. तुमच्यात बसलं का कुनाला काय इचारावं लागत न्हाई. तितनं काढलं तर मी जाऊ कुटं?"

मला माझी इतकी लाज वाटली की चहा न घेताच उठले.

रविवारी संजय स्पीकर घेऊन हजर. "ताई, तुम्हीच सांगा आता काकांना."

मी म्हटलं, "परत ने तो. माझं डोकं उठतं त्याने. मागच्यांना ऐकू जात नसेल तर सतरंजी पुढे ओढ आणि माणसं जवळ बसव."

"अहो, पण तुम्हीच तर मान डोलावली होती!"

"डोलावली होती. आता नाही म्हणतेय. आणि कीबोर्डवाल्याचं नाव पुन्हा काढलंस तर गाणारीही दुसरी बघ."

संजय माझ्याकडे संशयाने बघत राहिला. बघू दे. बबनरावांना यातलं किती कळलं कोण जाणे, ते भाता मोकळा करत होते. मी पदर खोचला, त्यांच्या बरोबर समोर उजेडाकडे तोंड करून बसले, आणि तोंड चांगलं मोठं उघडून पहिली ओळ घेतली.