कपिलच्या तुरीतलं हसरं भूत

“दुसऱ्या पार्टात काय नाही, ते सांग ना भाई!” रिजवान हातातला स्क्रूड्रायव्हर नाचवत म्हणाला. “पहिल्यात एकच बंगला होता, आता पाच हायेत. भुतं तीस. दोघं मिळून खेळता येते. अन् आवाज तं असा का भूत आपल्या कानात शिंकून राह्यलं!”

“शिंकते, तेच तं!” कपिल उखडला. “भुताले कायले शिंका लागते बे? पहिल्यातलं भूत पाहून माझ्या हातातला मोबाईल खाली पडलता. हे दुसरं ढेकर देते, खिदीखिदी हासते अन् सोताच बरणीत जाऊन बसते. वरून गेममधला तो बुढा दर दोन मिनटाले फोन करते, इकडं जाय, तिकडं जाय. खेळ मी खेळून राह्यलो का तो?”

मुकुटबनच्या स्टँडजवळ रिजवानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मंगळवारी सकाळपासून हा वाद चालला होता. ‘भूत बरणीत’ नावाचा गेम. एक ढेरपोट्या गडी कंदील घेऊन जुन्या बंगल्यात शिरतो, भुतं पकडतो आणि लोणच्यासारखी बरणीत भरतो, एवढीच त्यातली गोष्ट. त्याचा दुसरा भाग आला आणि या दोन मित्रांचं बिनसलं. दुरुस्तीला आलेले तीन मोबाईल उघडे पडले होते आणि त्यांचे मालक बाकावर बसून मुकाट ऐकत होते.

आता तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्यांच्या गप्पा. तर तसं नव्हतं. त्या गप्पांमागं कपिलच्या कापसाची पऱ्हाटी उभी होती.

त्या भागात रानडुकरांना हाकलायला जो तो वावरात भोंगा लावतो. बॅटरी, छोटं कार्ड, आणि कार्डात भरलेलं कुणाचं तरी ‘हाऽड हाऽड’, नाहीतर कुत्र्याचं भुंकणं. डुकरं चार दिवस बिचकतात आणि पाचव्या दिवशी त्याच भोंग्याखाली लोळतात. कपिलनं डोकं लढवून कार्डात पहिल्या भागातल्या भुताची किंकाळी भरली, तेव्हापासून महिनाभर डुक्कर फिरकलं नव्हतं. ही अक्कल आपली, हे त्यानं पार तालुक्याला, झरी जामणीपर्यंत सांगून ठेवलं होतं. पण परवा ते कार्ड बिघडलं, आणि पहिला भाग तर दोघांनीही मोबाईलमधून कधीच काढून टाकला होता, दुसऱ्याला जागा करायला.

“मग हेच भरतो,” रिजवान म्हणाला. “डुकराले काय समजते, भूत रडून राह्यलं का हासून?”

कपिलनं तोंड वाकडं करून कार्ड घेतलं. वावरात जाऊन भोंगा तुरीच्या ओळीत बसवला, बाराची वेळ लावली. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत त्या यंत्राला फरक कळावा म्हणून बाजूला एक बारीकसं बटण होतं. ते दाबायचं राहून गेलं.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडं बंजारा तांड्यावरच्या अकरा बाया कापूस वेचत होत्या. त्यांची मुकादमीण रुपीबाई. रुपीबाईचा कापूस म्हणजे पांढराशुभ्र, पाचोळ्याचा कण नाही. त्यामुळं दिवाळीनंतर तिच्या टोळीसाठी शेतकऱ्यांची ओढाताण असे. दोन एकर वेचायचं बाकी होतं. शुक्रवारी पाऊस येणार असं मोबाईल सांगत होता, आभाळही तेच म्हणत होतं. भिजला की कापूस पिवळा पडतो आणि मग व्यापारी त्याच्याकडं पाहतसुद्धा नाही. म्हणून कपिलनं हातापाया पडून टोळी मिळवली होती.

बारा वाजता बाया बांधावर भाकरी खायला बसल्या. रुपीबाईचा गळा गोड. वेचताना ती गाते आणि बायांचे हात चालतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी तिनं स्वतः जुळवलेलं नवं गाणं पहिल्यांदाच काढलं. पहिल्या ओळीला बाया डोलल्या. दुसऱ्या ओळीला तिनं सूर वर चढवला, डोळे मिटले, हात कानावर नेला, आणि तुरीतून आवाज आला.

“खी खी खी खी!”

रुपीबाईनं डोळे उघडले. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. भास झाला असेल म्हणून तिनं पुन्हा सूर लावला. या वेळी तुरीतून आधी शिंक आली, मग तेच हसणं, आणि शेवटी चांगला लांबलचक ढेकर.

धुऱ्यावर उभ्या असलेल्या कपिलला भोंगा आठवला. तो वाकून, मागच्या बाजूनं तुरीत घुसला, रांगत भोंग्यापाशी पोहोचला आणि त्याची वायर उपटली. हसणं बंद. झालं एकदाचं, म्हणून तो घाम पुसत दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. डोक्यात तुरीचा पाला, गुडघ्यांना माती, आणि समोर अकरा बाया उभ्या.

“हासून झालं का, कपिलभाऊ?” रुपीबाईनं विचारलं.

“नाही मावशी! म्हणजे... मी नोतो हासत!”

“मंग कोण हासत होतं? तुरीत दुसरं कोण हाय?”

दुसरं कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्यातून, आपल्याच भोंग्यातलं भूत भलत्या वेळी हसलं असं अकरा बायांसमोर कबूल करायचं म्हणजे महिनाभराच्या शहाणपणाची माती. कपिल डोक्यातला पाला काढू लागला. रुपीबाईनं कमरेची ओटी सोडली, तिच्यातला कापूस सगळा जागच्या जागी ओतला आणि म्हणाली, “चला गं. इथं गाणं बी फुकट अन् वेचणं बी फुकट.”

घरी कपिलची माय शकुबाई तूप कढवत होती.

“बाया लवकर काहून गेल्या रे?”

“तुरीतून कोणी हासल्याचा आवाज आला म्हने.” यापुढचं कपिलनं गिळलं.

“अगं बाई!” शकुबाईनं तूप खाली उतरवलं. “तरी मी म्हनत होतो, पहिल्या वेचणीच्या पूजेले, सीतादहीच्या दिवशी, तू दहीभात गडबडीत शिंपडला! थांब, पाह्यतो मी.”

काय पाहते हे कपिलनं विचारलं नाही. तो फोन लावत बसला होता. तीन मुकादम झाले, चारही झाले. प्रत्येकाकडं एकच उत्तर: “रुपीबाईचा निरोप आला बावा. ज्याच्या वावरात बाईच्या गाण्याले हासतात, तिथं आमच्या बाया येत नाहीत.”

बुधवारी सकाळी तर कहरच झाला. टोळीतली जमनी आपला विसरलेला पाण्याचा डबा घ्यायला वावरात आली. पाहते तर काय, काल रुपीबाई ज्या जागी बसून गात होती, बरोबर तिथंच हळदकुंकू लावलेलं लिंबू, दोन सुया आणि नारळ! शकुबाईनं आपलं भुतासाठी ठेवलं होतं. पण जमनीनं तांड्यावर जाऊन सांगितलं ते असं की कपिलच्या मायनं रुपीबाईच्या गाण्याचा उतारा काढला. दुपारपर्यंत आभाळ आणखी खाली आलं आणि कपिलनं रिजवानचं दुकान गाठलं.

“मी येतो तुझ्यासंग,” रिजवान म्हणाला. “भोंगा दाखवू, खरं सांगू. मशीन हाय म्हटल्यावर कोण राग धरते?”

गुरुवारी सकाळी सातलाच दोघं तांड्यावर गेले. तांड्याचे प्रमुख, नाईक धावजी, अंगणात बाजेवर बसले होते. अर्धा तांडा गोळा झाला. कपिलनं भोंगा मधोमध ठेवला, कसा लावला ते सगळं सांगितलं, आणि बायांची खात्री पटावी म्हणून रिजवाननं वायर जोडली. “खी खी खी खी!” भोंगा म्हणाला.

रुपीबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे तू सोता बी नाही हासला. आमच्यावर हासाले मशीन आणली!”

“नाही हो मावशी! ते डुकरांसाठी हाय!”

“डुकरांसाठी?” रुपीबाई उठूनच उभी राहिली. “नाईक, आइकलं का? मले अन् डुकराले एकच गाणं!”

बोलून उपयोग नव्हता. शेवटचा उपाय म्हणून कपिलनं मोबाईल काढला, गेम लावला आणि रुपीबाईच्या हातात दिला. “हे पाहा मावशी, ह्या भुताचा आवाज हाय तो. तुम्हीच पकडा त्याले.”

रुपीबाईनं मोबाईल दूर धरला, मग जवळ घेतला. पडद्यावर ढेरपोट्या गडी भिंतीवर आपटला. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा मात्र कापसाच्या बोंडावर बसलेली ती बोटं बरोबर बसली आणि भूत बरणीत. बाया तिच्या खांद्यावरून डोकावू लागल्या. “डावीकडं, याडी, डावीकडं!” जमनी ओरडली. टोळीतल्या बाया रुपीबाईला याडी, म्हणजे आई, म्हणत. दोघांना खेळता येतं हे कळल्यावर धावजी नाईकांनी गंभीर चेहऱ्यानं रिजवानचा मोबाईल मागून घेतला. पुढचा पाऊण तास तांड्यावर चूल पेटली नाही. कपिल आभाळाकडं पाहत उकिडवा बसून होता.

अखेर रुपीबाईनं मोबाईल खाली ठेवला.

“खेळ चांगला हाय,” ती म्हणाली. “चित्र झकास. दोघांनी खेळलं तं मजा येते, नाईकाचा चेहरा पाह्यला ना! पण भूत एकदम बिनकामाचं. चार घरं झाली, तेच ते भूत टोपी बदलून येते. भ्याव वाटत नाही. अन् तो फोनवाला बुढा, त्याले तं आधी बरणीत घाला.”

“मीच म्हणलं होतं!” कपिलच्या तोंडून निघून गेलं.

“पण हासते मोठं ग्वाड,” रुपीबाई म्हणाली, “आपल्यालेबी हासू येते. म्हनून खेळाचा राग गेला. तुझा नाही गेला. आम्ही राबत होतो, गात होतो, अन् तुझ्या वावरात आमचं हासं झालं. आता नाईक सांगतील तसं.”

धावजी नाईकांनी मिशीवरून हात फिरवला. मोबाईल अजून त्यांच्याच हातात होता. “फिट्टमफाट करून टाका,” ते म्हणाले. “बाया येतील. पण आज हा बी ओटी बांधून वेचील, दिवसभर. अन् बाया त्याच्यावर हासतील. त्यानं तोंडातून अवाक्षर काढाचं नाही.”

साडेआठला बारा जणांची ओळ पऱ्हाटीत शिरली. कपिलनं जन्मात असा कापूस वेचला नव्हता. शेतकऱ्याचं पोर असलं तरी धुऱ्यावर उभं राहणं वेगळं आणि ओटी बांधणं वेगळं. पहिल्याच बोंडाचा काटा नखात गेला आणि तो “आई गं” म्हणाला. अकरा बाया खिदळल्या. ओटी सुटून त्याच्या पायात आली, तो तोंडावर पडला, बाया पोट धरून बसल्या. रुपीबाईनं तर त्याच्या पडण्यावर तिथल्या तिथं गाणं जुळवलं. प्रत्येक कडव्याला त्याचं नाव होतं आणि प्रत्येक नावाला हशा. कपिलचे कान लाल झाले, पण करतो काय? आभाळाकडं पाहिलं की सगळा अपमान गोड लागत होता.

संध्याकाळी पाचला शेवटची ओळ संपली. दोन एकर साफ. एक बोंड मागं नाही. गाठोडी बैलगाडीत चढली तेव्हा कपिलचे डोळे भरून आले. बोटांची चाळण झाली होती, कंबर मोडली होती, पण कापूस पांढराशुभ्र घरी चालला होता.

“मावशी, तुमचे उपकार झाले,” तो म्हणाला. “मले वाटलं नोतं, एका दिवसात होईल म्हणून.”

“आमालेबी नोतं वाटलं,” रुपीबाई गाठोड्यांकडं पाहत म्हणाली. “दोन दिवसाचं काम एका दिवसात झालं. हासत हासत हात चालतात ना, समजत नाही किती वेचलं ते.” मग तिनं कपिलकडं पायापासून डोक्यापर्यंत असं काही पाहिलं की त्याला ते बरं वाटेना.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दारात टेम्पो वाजला. कपिल अंगाला तेल लावून पडला होता. शकुबाई बाहेर जाऊन आली, तिनं दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि कालची ओटी त्याच्या अंगावर टाकली.

“ऊठ बाप्पा. रुपीबाई आली हाय.”

“आपलं तं झालं ना सगळं, माय!”

“आपलं झालं. आज शेजारच्या उकंडाभाऊच्या वावरात हाय वेचणी, पाऊस येण्याच्या आधी उरकाची.” शकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “उकंडानं टोळीसंग तुलेबी सांगून ठेवलं म्हने. तू नसला तं बायांचे हात चालत नाहीत.”