खिडकीखालचं खुराडं

गाडेकरमामा माणसांशी फारसं बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते कोंबड्यांशी, आणि तेही शिव्यांमध्ये. आम्ही गारखेड्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तर पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून गर्जना झाली, "उठा की भवान्यांनो! तुमचा बाप चहा आणून देणाराय का हितं?" मी घाबरून नवऱ्याला हलवलं. मला वाटलं, घरात सुनांचा छळ चाललाय. सुना नव्हत्याच. मूलबाळही नव्हतं. होत्या सात गावरान कोंबड्या.

मामा कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर. खुराडं त्यांनी स्वतःच उभं केलेलं. जुन्या खाटेचा सांगाडा, कूलरच्या जाळ्या, आणि वर एका पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स. कोंबड्यांनी वर बसून बसून उमेदवाराचा एक डोळा पांढरा करून टाकला होता. "निवडून आला असता तर कामाला आला नसता," मामा म्हणाले. त्या वर्षी ते माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

ऋतू बदलला की खुराडं बदलायचं. उन्हाळ्यात चहूबाजूंनी ओली पोती. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मामा स्वतः ओल्या पंच्याने अंग पुसून घ्यायचे आणि वाचलेलं पाणी पोत्यांवर मारायचे. पावसाळ्यात खुराडं विटांवर चढायचं, ओला भुसा रोज उपसला जायचा. थंडीत आत बल्ब.

"किती करता हो मामा त्यांचं!" मी एकदा म्हटलं.

"करतो कशाचं? लई बेकार जात. मरता मरंनात."

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. एवढं मोठं परसदार सोडून खुराडं नेमकं झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. सगळा वास घरात. एकदा मी विचारलंच.

मामांनी जाळीची तार पिळून घट्ट केली. मग म्हणाले, "हिला लग्न झाल्यापास्नं कोंबड्या पाळायच्या व्हत्या. माहेरी, पाचोडला, अंगणभर असायच्या. मी म्हणलो, घरात घाण नको. तीस वर्षं नगं म्हणलो. मंग ही पडली. त्याच महिन्यात आणल्या."

चंद्रकलामामींची डावी बाजू लुळी पडली, त्याला दोन वर्षं झाली होती. पलंगावरून त्यांना खिडकीतून आभाळ आणि शेवग्याचा शेंडा एवढंच दिसायचं. खालचं खुराडं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फक्त ऐकलं होतं.

यंदा श्रावणात मानमोडी आली. आधी एका कोंबडीची मान वाकडी झाली, मग ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. पाच दिवसांत सातही गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुराडं धुऊन चुना मारा, आणि दोन महिने नवी कोंबडी आणू नका.

मामांनी परसाच्या टोकाला खड्डा खणला. मी चुन्याची पिशवी धरून उभी होते. त्या दिवशी त्यांनी एकही शिवी दिली नाही. खड्डा बुजवून झाल्यावर एवढंच म्हणाले, "हिला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच गर्जना. "उठा की भवान्यांनो!"

मी भिंतीवरून डोकावले. रिकाम्या खुराड्यापुढे मामा विटेवर बसले होते. "टी टी टी" करत फरशीवर ज्वारी टाकत होते, डबा वाजवत होते, एकेकीचं नाव घेऊन उद्धार करत होते. मधेच तोंडावर हात धरून कॉक-कॉक असा बारीक आवाज काढत होते. मग गुडघे टेकून त्यांनी दाणा दाणा वेचला आणि डब्यात परत भरला.

माझा नवरा पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या बाजूची खिडकी उघडणंच सोडलं.

महिना असाच गेला. एकदा मामांना औषधं आणायला जायचं होतं, म्हणून मी मामींपाशी बसले. फाटक वाजलं, मामा गेल्याची खात्री झाली, तशी मामींनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. बोलणं जड, एकेक शब्द ओढून आणलेला.

"पोरी, समद्या मेल्या ना?"

मी दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी करायला लागले.

"अंडं घातलं की कोंबडी वरडती. गाव गोळा करती. महिना झाला, एकबी वरडली नाय."

"मामी, मी त्यांना सांगते..."

"नगं." मनगटावरची पकड घट्ट झाली. "मला कळलंय त्ये त्येला म्हाईत होऊ दिऊ नगं. दिवसभर मुका असतो त्यो. सकाळचं तेवढंच बोलतोय."

मामा पिशवी घेऊन आले. मी निघाले, तर दारात अडवून हळूच म्हणाले, "काय म्हणत व्हती?"

"काही नाही," मी म्हटलं. "कोंबड्या लई गोंगाट करतात, म्हणत होत्या."

मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "करतातच," ते म्हणाले, "लई बेकार जात." आणि तोंड फिरवून आत गेले.