वर्तक काकांचे चोवीस-तीन

मॅच पाहायला जाताना रिकाम्या पिशव्या नेणारा आणि येताना त्या भरून आणणारा माझ्या ओळखीतला एकच माणूस आहे: वर्तक काका. पिशव्यांत कचरा असतो. तोही दुसऱ्यांचा.

क्योतोच्या ज्या विद्यापीठात मी पीएचडी करते, तिथेच काका एके काळी शिकले. मग इथेच नोकरी, मिचिको काकूंशी लग्न, घर. आमच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे, हे लॅबमध्ये इतके दिवस काढूनही मला माहीत नव्हतं. काकांना त्यातल्या राखीव खेळाडूंची गुडघेदुखीसुद्धा माहीत असते. मॅचच्या दिवशी सकाळी जुन्या विद्यार्थ्यांचं एक टोळकं स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात जमतं. प्रत्येकाने स्कोअर सांगायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल, त्याने सगळ्यांचा कचरा घरी न्यायचा. इथे स्टेडियममधला आपला कचरा आपणच घेऊन जायचा असतो, त्यामुळे ही शिक्षा चांगलीच जड असते. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, जळणारं वेगळं.

आमचा संघ बहुतेक वेळा हरतो. काका त्याला प्रत्येक वेळी जिंकवतात.

“निकाल लागलेला आहे,” ते कॉफी ढवळत म्हणतात. “फक्त खेळायचं राहिलंय.”

काकूंची याला हरकत नाही. “हरले की बरं असतं,” त्या मला त्यांच्या सावकाश, स्वच्छ मराठीत म्हणाल्या. “लोकांचा कचरा तरी नीट वेगळा करतात. घरचा कधी करत नाहीत.”

मोठ्या भूकंपानंतर काकांच्या सगळ्या नातेवाइकांनी फोन करकरून त्यांना परत बोलावलं होतं म्हणे. काकांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, “आत्ता कसा येऊ? पोरांचे सराव सामने सुरू होतायत.” डोंबिवलीच्या आत्याबाईंना आजही वाटतं की काका कुठल्या तरी शाळेत पीटीचे मास्तर आहेत.

मी त्या टोळक्यात ओढली गेले ती काकांमुळेच. मी फारशी बोलत नाही, आणि काकांना ऐकणारं माणूस हवं असतं. पहिल्याच मॅचला त्यांनी मला खेळ समजावला. “हे बघ, ही कबड्डीच आहे. फक्त इथे परत यायचं नाही. चार चढाया, त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलीस, पुन्हा चार. नाही सरकलीस, चेंडू त्यांना देऊन टाक आणि गप बस.”

“आणि हेल्मेट?”

“आई काळजी करते म्हणून.”

त्यांचा मुलगा रेनही खेळतो. पण पलीकडून. आमच्याच लीगमधल्या, आम्हाला वर्षानुवर्षं हरवत आलेल्या संघाकडून. त्याने आपल्याच विद्यापीठात यावं म्हणून काकांनी त्याला लहानपणापासून आमचा निळा शर्ट घातला. पोरगा लाल शर्टवाल्यांकडे गेला. तेव्हापासून काका त्या विद्यापीठाचं नाव घेत नाहीत. “ती मंडळी” म्हणतात. रेन सुट्टीला घरी आला की दोघं एकाच टेबलावर काकूंमार्फत बोलतात. काका मराठीत म्हणतात, “त्याला म्हणावं, मीठ दे.” रेन मीठ पुढे सरकवतो आणि जपानीत म्हणतो, “बाबांना सांग, आमटीत आधीच आहे.” काकू मधे बसून शांतपणे जेवतात.

या मोसमातला त्या मंडळींविरुद्धचा सामना शेवटचा होता. रेन शेवटच्या वर्षाला. त्याला कावासाकीत नोकरी लागली होती. म्हणजे यापुढे बूट कपाटात आणि सूट अंगावर. काकांनी ही माहिती मला एकाच आठवड्यात चारदा दिली, प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावरून.

त्या दिवशी कॉफीच्या दुकानात सगळेच गंभीर होते. मोरी-सान म्हणून काकांचे जुने वर्गमित्र आहेत, त्यांनी सुस्कारा सोडून आपला संघ वीस गुणांनी हरवला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“चोवीस-तीन,” काका म्हणाले. “आपले चोवीस.”

सगळे हसले. मोरी-सान म्हणाले, “वर्तक-सान, जिंकवताय तर त्यांना तीन तरी कशाला? शून्य द्या.”

“वा! पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं?”

हसता हसता मोरी-साननी आपल्या कॉफीचा रिकामा कप काकांच्या पिशवीत टाकला. आगाऊ.

आमची पोरं त्या दिवशी खरंच खेळली. दोन वेळा चेंडू पार टोकापर्यंत नेला, दर वेळी सहा गुण. त्या मंडळींनीही दोन वेळा नेला. फरक पडला तो एका गुणाचा. चेंडू टोकाला पोचल्यावर खांबांमधून किक मारून जो एक जादा गुण मिळवायचा असतो, तो आमच्या पोराने दोन्ही वेळा मिळवला, त्यांच्या पोराने एकदा घालवला. तो पोरगा म्हणजे रेन. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला आणि आमचा सगळा स्टँड उसळला. काका खाली वाकून बाटलीचं झाकण शोधत होते. झाकण बाटलीलाच होतं.

चौदा-तेरा. आम्ही पुढे. घड्याळात काही सेकंद उरले आणि रेन पुन्हा मैदानात आला. आता लांबून किक. गेली तर तीन गुण, आणि सामना त्यांचा. हा तीनचा आकडा फक्त किकनेच मिळतो, हे मोरी-साननी मला तेव्हा सांगितलं. मी काकांकडे पाहिलं.

स्टँड ओरडत होता, ढोल वाजत होते. समोर किकर असला की त्याचं लक्ष उडवणं हे आमचं कामच असतं. काका मात्र पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते.

“काका,” मी विचारलं, “काय होईल?”

“मला नाही माहीत गं.”

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

चेंडू उडाला. एक क्षण ढोलसुद्धा थांबले. मग पलीकडचा लाल स्टँड फुटला आणि आमचा खाली बसला. मोरी-सान टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मैदानात ती मंडळी रांगेत उभी राहिली, आधी आपल्या लोकांसमोर वाकली, मग इथल्या रीतीप्रमाणे आमच्यासमोर येऊन वाकली. एक पाठ बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेली राहिली.

काका कचरा गोळा करायला लागले. पायऱ्या उतरताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “सरळ गेला का गं?”

“तुम्ही पाहिलं नाही?”

“डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. म्हणजे मीच मिटले होते. डावीकडे कलला होता का? त्याचा डावीकडे जातो. लहान असल्यापासून.”

“नाही काका. अगदी मधून.”

“नीट सांग. पायावर कसा बसला?”

मी सांगितलं. दोन पावलं मागे, एक बाजूला, मान खाली, मग पाय. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. गाडीच्या फलाटावर, पिशव्या पायाशी ठेवून, त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा सांगताना मी चेंडू होता त्यापेक्षा बराच उंच नेला. काकांनी हरकत घेतली नाही.